ओएसपीएफ सोडू का?

"शुभदा, ये ना आत. हा ईशान, माझा भाचा. ह्याला नेटवर्किंगच्या परीक्षेसाठी काय वाचायचं आणि काय सोडायचं, ते तू ठरवून दे."

पारनेरकर साहेब हे बोलले तेव्हा मी केबिनच्या दारातच होते. काखेत सिन्नरच्या कारखान्याचा गुंडाळलेला नकाशा होता. त्याच्यासाठीच बोलावलं असेल असं समजून मी तो घेऊन आले होते. समोरच्या खुर्चीतला मुलगा लगेच उठला, हसला आणि म्हणाला, "नमस्कार ताई. मामांनी तुमच्याबद्दल खूप सांगितलंय."

"कोणती परीक्षा?" मी साहेबांना विचारलं.

"तीच गं. औषध कंपनीने मागितली आहे ती. महिन्याभरात उरकायची आहे."

मला काही कळलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. सगळं कळलं होतं. फक्त ते माझ्यासमोर, इतक्या सहज बोललं जातंय, ह्यावर विश्वास बसत नव्हता.

आमची कंपनी नाशिकला सातपूरमध्ये होती. कारखान्यांमधली कॉम्प्युटरची जाळी उभारायची आणि नंतर ती सांभाळायची, हे आमचं काम. मी इंजिनिअरिंग संपवून तिथे लागले ती थेट शिडीवर चढून केबल ओढायच्या कामापासून. त्या वर्षी एका मोठ्या औषध कंपनीचं काम मिळण्याच्या बेतात होतं. तिचे सातपूर, सिन्नर आणि दिंडोरी असे तीन कारखाने होते, आणि ते एकाच नेटवर्कने जोडायचे होते. पाच वर्षांचं कंत्राट. अट एकच : आमच्याकडून जो माणूस प्रमुख असेल, तो ती आंतरराष्ट्रीय परीक्षा पास झालेला हवा. तिन्ही कारखान्यांची पाहणी मी केली होती. कुठे कोणता राउटर बसेल, एक वायर तुटली तर माहिती दुसऱ्या कोणत्या वाटेने जाईल, सगळं मी ठरवलं होतं. ऑफिसातल्या प्रत्येकाने गृहीत धरलं होतं की प्रमुख मीच. चहावाल्यानेसुद्धा.

"आणि प्रमुख म्हणून नाव कोणाचं जाणार?" मी विचारलं.

"ईशानचं देतोय."

"साहेब, आराखडा माझा आहे."

"म्हणून तर त्याला तुझ्याकडे सोपवला! दुसऱ्या कोणाकडे दिला असता का मी?"

"परीक्षेला बसवा म्हणून मी केव्हापासून मागे लागलेय. दर वेळी तुम्ही पुढच्या तिमाहीत बघू म्हणालात."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. समजुतीचं बोलायचं असलं की ते तसं करत. "शुभदा, हे बघ. दिंडोरीची लाइन पडली की भल्या पहाटेसुद्धा धावावं लागतं. तू बाईमाणूस. उद्या लग्न होईल, सासर कुठे असेल कोणास ठाऊक. त्यांना पाच वर्षं एकच माणूस हवाय."

"आजवर दिंडोरीला कोण धावत होतं?"

"तेच म्हणतोय मी," साहेब हसले. "आता तुझी धावपळ संपली."

ईशान दोघांकडे आळीपाळीने बघत, तोंडावर हसू ठेवून उभा होता. मी तो नकाशा साहेबांच्या टेबलावर ठेवला नाही. तसाच काखेत धरून परत आले. त्या दिवशी माझ्याच्याने तेवढंच झालं.

मीटिंगच्या खोलीत पांढरा फळा होता. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिथे बसायला लागलो. कामापुरतंच बोलायचं, एक शब्द जास्त नाही, असं मी ठरवून गेले होते. तर हा मुलगा माझ्यासाठी खालून चहा घेऊन आलेला. बिनसाखरेचा. मी साखर घेत नाही, हे त्याने कोणाला तरी विचारून ठेवलं होतं.

"ताई, मला खरंच काही येत नाही," तो म्हणाला. "पुण्यात कॉलेज केलं, पण कसं केलं ते माझं मला माहीत. तुम्ही सांभाळून घ्या."

तो उर्मट असता तर बरं झालं असतं. उर्मट माणसाचा राग करणं सोपं असतं. हा ताई, ताई करत होता, मी फळा पुसायला लागले की माझ्या हातातून डस्टर घेत होता. मला वाटलं, ह्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक आहे कोणाच्या ताटातलं ह्याच्या ताटात वाढलं जातंय. मामाने ये म्हटलं, हा आला. त्यामुळे सगळा राग मी साहेबांच्या नावावर टाकला आणि ह्याला शिकवायला लागले.

फळ्यावर मी चार नावं लिहिली.

"एका गावातून दुसऱ्या गावात माहिती पाठवायची तर मधले राउटर ती पुढे ढकलतात. पण कोणत्या वाटेने ढकलायची, हे त्यांना कळायला हवं. म्हणून ते एकमेकांना वाटा सांगत असतात. त्या सांगण्याच्या ह्या चार पद्धती, म्हणजे राउटिंग प्रोटोकॉल. रिप सगळ्यात जुना. तो फक्त मधे किती राउटर लागतात तेवढं मोजतो, वाट रुंद आहे की चिंचोळी हे बघत नाही. एका दिवसात होईल. बीजीपी इंटरनेटच्या मोठ्या कंपन्यांचा, ह्या परीक्षेत नावापुरता. ईआयजीआरपी एका कंपनीने स्वतःसाठी बनवलेला, त्याला आठवडाभर दे. आणि हा ओएसपीएफ. उरलेला सगळा वेळ ह्याला."

"एवढा का?"

"ह्यात प्रत्येक राउटर अख्ख्या जाळ्याचा नकाशा स्वतःजवळ बाळगतो. जाळ्याचे भाग पाडावे लागतात, कोणी कोणाशी बोलायचं ते ठरवावं लागतं. समजायला वेळ लागतो. आणि परीक्षेत सगळ्यात जास्त तोच विचारतात."

रिप त्याने पटकन उचलला. ईआयजीआरपीही बऱ्यापैकी जमला. ओएसपीएफला मात्र त्याची गाडी रुतली. पहिल्या दिवशी जांभया, दुसऱ्या दिवशी मोबाइल. तिसऱ्या दिवशी मी फळ्यावर चित्र काढत असताना तो मागून म्हणाला, "ताई, खरं सांगू? हे डोक्यात शिरत नाहीये. ओएसपीएफ सोडू का?"

मी वळले.

"बाकीचे तीन एकदम पक्के करतो," तो म्हणाला. "तुम्ही हो म्हणा, सोडतो."

एक शब्द. हो. त्यानेच विचारलं होतं, मी सुचवलंही नव्हतं. हो म्हटलं असतं तर तो नापास झाला असता, औषध कंपनीची मुदत डोक्यावर आली असती आणि साहेबांना झक मारत माझ्याकडे यावं लागलं असतं. कोणाला कधी कळलंही नसतं. शिकवणाऱ्याचा अंदाज चुकतो कधीकधी, एवढंच झालं असतं.

मला इतका संताप आला की हातातल्या मार्करचं टोपण मी बोटांनी चेपून टाकलं. ज्या गोष्टीसाठी मी इतकी वर्षं धूळ खाल्ली, ती ह्याच्या हातात आयती येत होती आणि त्यातलाही निम्मा भाग हा सोडू का म्हणून विचारत होता! आणि हो म्हणायचा मोह व्हावा एवढं लहान ह्या लोकांनी मला करून ठेवलं होतं, ह्याचा राग तर त्याहून मोठा होता.

"नाही," मी म्हणाले. "बाकी सगळं सोडलंस तरी चालेल. हा सोडू नकोस."

"पण का?"

"कारण परीक्षेत हाच येणार. आणि पास झालास तर सिन्नरला तुला हाच चालवायचाय. तिथे राउटर बंद पडला की सोडू का म्हणून विचारायला कोणी मिळणार नाही."

"बरं, बरं. रागावू नका ताई," तो हसत म्हणाला.

घरी आले तेव्हा आई ओट्याशी मेथी निवडत होती. बाबा नोकरीसाठी मालेगावला असायचे, शनिवारी यायचे. त्यामुळे आठवडाभर आम्ही दोघीच. मी पर्स आपटली त्या आवाजावरूनच तिला कळलं. मी सगळं सांगितलं. त्याने काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, तेही.

आईने मेथीची जुडी खाली ठेवली. "नाही म्हणालीस?"

"मग काय म्हणू?"

"हो म्हणायचंस! स्वतःच्या तोंडाने विचारत होता ना तो? मूर्ख आहेस तू, शुभदा."

"आई, तू असं सांगतेस?"

"मीच सांगणार. दुसरं कोण सांगेल तुला?" तिचा आवाज चढला. माझी आई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. निवृत्त झाली तीही ऑपरेटर म्हणूनच. "अमळनेरचा एक मुलगा आला होता आमच्याकडे. ट्रंक कॉल लावायचा कसा, लाइन भरलेली असली तर कोणत्या गावावरून फिरवून न्यायचा, सगळं मी शिकवलं त्याला. जेवायची सुट्टी सोडून शिकवलं. पुढल्या वर्षी तो सुपरवायझर झाला आणि तुझ्या वेळी माझी रजा नामंजूर केली. म्हणाला, बाळंतपण काय अचानक येतं का, आधी सांगायचं. नववा महिना लागेपर्यंत मी बोर्डावर बसले होते."

हे तिने मला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं.

"तेव्हा तू काय केलंस?"

"काय करणार? बसले. आणि आजही तो डोळ्यांसमोर आला की मला जेवण जात नाही." तिने मेथीची जुडी परत उचलली. "शिकवण्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण तू स्वतः का बसत नाहीस परीक्षेला? साहेबाने बोट धरून न्यायची वाट बघतेस?"

कंपनी पाठवेल, कंपनी पैसे भरेल, कंपनी सांगेल तेव्हा, असं माझ्या डोक्यात इतकं बसलं होतं की ती परीक्षा कोणीही आपली आपण देऊ शकतं, हे मी विसरूनच गेले होते. त्याच संध्याकाळी मी नाव नोंदवलं. ईशानची परीक्षा सोमवारी होती. मी त्याच्या आधीचा शनिवार घेतला. ऑफिसात कोणाला सांगितलं नाही.

पुढचे दिवस मी त्याला शिकवत होते आणि शिकवता शिकवता स्वतःची तयारी करत होते. मी काहीच सोडलं नाही. रिप, बीजीपी, ज्यांना मी त्याच्यासाठी एका ओळीत उडवून लावलं होतं, तेही मुळापासून वाचले. रागात माणसाला झोप कमी लागते, एवढा एक फायदा.

ईशानचं येणं मात्र कमी होत गेलं. कधी मामांबरोबर क्लायंटकडे जेवायला जायचंय, कधी नवीन व्हिजिटिंग कार्ड छापायची आहेत. त्या कार्डांचा एक गठ्ठा माझ्याच टेबलावर येऊन पडला होता. 'नेटवर्क प्रमुख', निळ्या अक्षरांत. एके दिवशी तो इंटरनेटवरून उतरवलेला प्रश्नांचा संच घेऊन आला.

"ताई, ह्यात बघा, ओएसपीएफचे दोनच प्रश्न आहेत. बाकी सगळे रिपचे आणि ईआयजीआरपीचे."

मी चाळून बघितला. "हा जुना आहे. परीक्षा बदलली त्यानंतर. ईशान, मी परत सांगते, ओएसपीएफ कर. लागेल तर माझ्या घरी ये रविवारी, मी बसते तुझ्याबरोबर."

"तुम्ही उगाच घाबरवता बुवा," तो म्हणाला. आणि रविवारी काही तो आला नाही.

पुढच्या शनिवारी मी परीक्षा दिली. कॉलेज रोडवर एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर केंद्र होतं. बंद काचेची खोली, कॉम्प्युटर, आणि शेवटचं बटण दाबलं की तिथल्या तिथे निकाल. ओएसपीएफवर इतके प्रश्न होते की मला मधेच ईशानची आठवण झाली. हो, वाईट वाटलं मला त्याच्यासाठी. हे मुद्दाम सांगतेय. निकाल आला : पास, आणि गुण अगदी चांगले. मी बाहेर येऊन जिन्यात बसले. आनंद व्हायला हवा होता. झाला असेलही, पण त्याच्यावर राग असा पसरून बसला होता की खालचं काही दिसेना. आईला फोन केला. ती म्हणाली, "झालं ना? आता बघू दे त्यांना."

मंगळवारी सकाळी मी ऑफिसात शिरले तेव्हा केबिनचं दार उघडंच होतं.

"शुभदा! आत ये."

ईशान कोपऱ्यातल्या खुर्चीत मान घालून बसला होता. साहेबांचा चेहरा लाल झाला होता.

"नापास झालाय हा. ओएसपीएफमध्ये शून्याच्या जवळपास. शून्याच्या! आणि रिपमध्ये पैकीच्या पैकी. ह्याचा अर्थ काय?"

"त्याने ओएसपीएफ केला नाही, असा अर्थ."

"का नाही केला? काय करायचं आणि काय सोडायचं, हे तूच ठरवत होतीस ना?" त्यांनी टेबलावर हात आपटला. "मला कळत नाही असं वाटतं तुला? जागा मिळाली नाही म्हणून तू डूख धरलास. मुद्दाम त्याला नको ते शिकवलंस आणि हवं ते टाळलंस. माझ्या घरचं मूल तुझ्या हवाली केलं मी!"

मी ईशानकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"ईशान," मी म्हणाले. "सांग."

त्याने मान आणखी खाली घातली.

"अरे, तोंड उघड. मी काय सांगितलं होतं तुला?"

बाहेर टेबलांवरचं बोलणं थांबलं होतं. सगळे ऐकत होते, आणि ह्या मुलाचं तोंड उघडत नव्हतं. माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. ज्या गोष्टीचा मोह मी दातओठ खाऊन बाजूला सारला, तीच माझ्या नावावर लागत होती, आणि खरं काय ते माहीत असलेला एकमेव माणूस स्वतःच्या बुटांची नाडी बघत बसला होता. मी त्याच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले.

"तू बोलल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

शेवटी तो पुटपुटला, "मामा, ताईंनी सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. मीच नाही केला."

मला वाटलं, आता साहेब काहीतरी म्हणतील. निदान खोकतील तरी. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग तू त्याला नीट पटवून द्यायचंस, शुभदा. नुसतं सांगून काय होतं? शेवटी जबाबदारी तुझीच."

तेव्हा मी त्यांना सांगितलं. "साहेब, मी शनिवारी परीक्षा दिली. माझ्या खर्चाने. पास झाले."

मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. असा उजळला की मला क्षणभर वाटलं, माणूस सुधारला.

"अगं, मग आधी नाही का सांगायचं! प्रश्नच मिटला!" ते उठून उभे राहिले. "आपल्याला सर्टिफिकेट हवं होतं, ते मिळालं. आत्ता औषध कंपनीचे दस्तूर येतायत. त्यांच्या कागदावर तुझं नाव घालू. बाकी काम ईशान बघेल. बाहेरचं फिरणं, मीटिंगा, सगळं तो. तुला काही त्रास नाही."

"म्हणजे प्रमुख?"

"प्रमुख ईशानच गं. कार्ड छापून झालीत. तू फक्त नावापुरती. पुढच्या वर्षी तो पास झाला की तुझं नाव काढून टाकू."

मी उत्तर द्यायच्या आत दस्तूर आले. औषध कंपनीतले कॉम्प्युटर विभागाचे मुख्य, देवळालीचे राहणारे, वयस्कर पारशी गृहस्थ. मराठी स्वच्छ बोलायचे. पाहणीच्या वेळी मला दोन-तीनदा भेटले होते. साहेबांनी त्यांना बसवलं, पाणी मागवलं आणि मोठ्या उत्साहात म्हणाले, "दस्तूर साहेब, तुमची अट पूर्ण झाली. ह्या आमच्या शुभदा खैरनार, शनिवारीच परीक्षा पास झाल्या. आणि हा ईशान, आमचा नेटवर्क प्रमुख."

"म्हणजे पास कोण झालं?" दस्तूरांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले. "पण माझं नाव ह्या कागदावर घालू नका. मी आजपासून इथे काम करत नाही."

"शुभदा!" साहेब म्हणाले.

"साहेब, परीक्षा माझ्या नावाची आहे. मी जिथे जाईन तिथे ती येईल. ती इथे ठेवून मी घरी जाईन, असं होत नाही. आराखडा कोणी काढला, सर्व्हे कोणी केला, हे दस्तूर साहेबांना माहीत आहे. आणि ह्या मुलाला मी चुकीचं शिकवलं असं तुम्ही आत्ता सगळ्या ऑफिससमोर म्हणालात. ते खोटं आहे हे कळल्यावरही तुम्ही ते मागे घेतलं नाही."

"कंपनीने तुला घडवलं, आणि तू—"

"मला कोणी घडवलं नाही. मी केबल ओढल्या."

माझा आवाज चढला होता आणि बाहेर कोणीतरी पंखा बंद केला असावा, सगळं ऐकू यावं म्हणून. दस्तूर आमच्याकडे बघत होते. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, ते काहीतरी बोलतील. त्यांनी घड्याळ बघितलं आणि बॅग उचलली. "पारनेरकर, हे तुम्ही आपसात मिटवा. मला शुक्रवारपर्यंत एक नाव कळवा," म्हणाले आणि निघून गेले.

ते नाव शुक्रवारपर्यंत गेलं नाही. कंत्राट मुंबईच्या एका पार्टीला मिळालं. नंतर मी स्वतः दस्तूरांना फोन करून नोकरीचं विचारलं होतं. ते सभ्यपणे म्हणाले, "आम्ही व्हेंडरची माणसं घेत नाही." मी पुढे बरेच महिने घरी बसून होते. आईने ह्या काळात एकदाही मला मूर्ख म्हटलं नाही. मग पुण्याला नोकरी लागली, आणि तेव्हापासून मी हेच काम करतेय. आज माझ्या हाताखाली बरीच मुलं-मुली आहेत. पण हे सगळं नंतरचं.

त्या मंगळवारी मी टेबलाचा खण रिकामा केला, नकाशा काखेत मारला आणि खाली आले. स्कूटरचं कुलूप काढत होते, तेवढ्यात मागून ईशान धावत आला.

"ताई, थांबा ना. मी सांगितलं की मामांना खरं."

"सांगितलंस. मला चोर ठरवून झाल्यावर."

"तुम्हाला राग येणारच. पण माझीही बाजू बघा." तो धापा टाकत होता. "तुम्ही खरं सांगताय हे मला कसं कळणार?"

"म्हणजे?"

"ही जागा तुमची होती, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. मामाच म्हणाले होते, ती चिडलीय, पण कामाची आहे, गोडीगुलाबीने शिकून घे. मग मी सोडू का विचारलं, तर तुम्ही म्हणालात बाकी सगळं सोड आणि सगळ्यात अवघड आहे तेच कर. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम मला त्यात अडकवताय. म्हणजे सोप्यातले गुणही हातचे जातील. वर घरी बोलावत होतात रविवारी. मला वाटलं, नक्कीच काहीतरी आहे." त्याने खांदे उडवले. "मी तुमच्या जागी असतो, तर असंच केलं असतं ना."

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. सगळी माणसं अशीच असतात असं धरून तो मोकळेपणाने सांगत होता. बिनसाखरेचा चहा, हातातून घेतलेलं डस्टर, ते ताई, ताई. महिनाभर मी ज्याला अजाण समजून सूट दिली होती, परीक्षेच्या खोलीत ज्याच्यासाठी मला वाईट वाटलं होतं, तो हा. साहेबांवर मी जेवढी चिडले होते ते सगळं आता आलेल्या रागापुढे काहीच नव्हतं. हात उचलावा असं आयुष्यात एकदाच वाटलं, ते तेव्हा. मी दोन्ही हातांनी स्कूटरचं हँडल धरून ठेवलं.

"आता परत बसावं लागणार," तो म्हणाला. "मामा सोडणार नाहीत. ताई, आता तर तुमचं काही अडकलेलं नाही ना माझ्यात? मग आता तरी खरं सांगा. काय करू?"

"ओएसपीएफ," मी म्हणाले.

तो डोळे बारीक करून माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला, ह्यात आता कोणता डाव आहे ते शोधत. मी स्कूटर सुरू केली आणि त्याला शोधत बसू दिलं.